टर्मिनलवरची आठवण: १९७९पासून संकष्टीपर्यंत

टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवायची खिडकी. तिथे ‘जीकॅलसीएलआय’ या प्रोग्रामला ‘रिमाइंड’ ही आज्ञा दिली की तो गूगल कॅलेंडर चाळतो आणि पुढच्या दहा मिनिटांत काही सुरू होणार असेल तर स्क्रीनवर सूचना टाकतो. तो स्वतः जागा राहत नाही. ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या ‘क्रॉन’ या प्रोग्रामकडून ठरावीक मिनिटांनी त्याला उठवून घ्यायचं असतं. कामाची ही वाटणी बरीच जुनी आहे.

१९७९मध्ये बेल लॅब्सच्या युनिक्स या संगणक-प्रणालीची सातवी आवृत्ती आली, तिच्यात ‘कॅलेंडर’ ही कमांड होती. त्याच नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवायची आणि ओळीत तारीख लिहायची, एवढंच. कमांड आजच्या-उद्याच्या तारखांचे पॅटर्न बनवून मजकुरात शोध घेणाऱ्या ‘ईग्रेप’कडे द्यायची, जुळलेल्या ओळी छापून यायच्या. पहाटे क्रॉन ती सगळ्या वापरकर्त्यांसाठी चालवी आणि ज्याचं काही निघेल त्याला मेल जाई. शुक्रवारी ‘उद्या’ थेट सोमवारपर्यंत धरला जाई. माणसाचा आठवडा ओळखणारी ही सोय मला आजही फार मोलाची वाटते.

कॅलेंडरच्या नोंदी कशा लिहायच्या हे ठरवणाऱ्या १९९८च्या आयकॅलेंडर मानकाने ‘पंधरा मिनिटं आधी सांग’ हा गजर कार्यक्रमासोबतच नोंदवायची सोय केली. ‘दर महिन्याचा दुसरा मंगळवार’ असे नियमही त्यात बसले. पण ते इंग्रजी महिन्यांचे. इंदूरच्या मराठी घरात संकष्टी असते, वडिलांचं श्राद्ध तिथीने असतं. तिथे हे नियम थिटे पडतात.

डायॅन स्कॉल यांचा ‘रिमाइंड’ हा वेगळा प्रोग्राम (वरच्या आज्ञेशी फक्त नाव सारखं) इथे जास्त जवळचा. त्यात चंद्राच्या कलेचा कोन, म्हणजे चंद्र सूर्यापासून किती अंश पुढे आहे ते, विचारता येतो. अमावास्येपासून मोजत दर १२ अंशांची एक तिथी. कृष्ण चतुर्थी २१६ ते २२८. रात्री नऊचा, म्हणजे साधारण चंद्रोदयाच्या सुमाराचा, कोन या पट्ट्यात आला की संकष्टीची ओळ छापायची, असा नियम लिहिता येतो. कोन पूर्ण अंशांत मिळतो, म्हणून तिथी चंद्रोदयाच्या आसपास बदलत असेल तर पंचांग पाहावंच लागतं. उदयतिथीसाठी, म्हणजे सूर्योदयाच्या वेळच्या तिथीसाठी, गावाचे अक्षांश-रेखांशही भरावे लागतात, कारण इंदुरात प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापेक्षा सुमारे २६ मिनिटं उशिरा उजाडतं.

अधिक मासाला मात्र नुसता चंद्र पुरत नाही. २०२६मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, आणि तो ठरतो सूर्याच्या संक्रांतीवरून. त्यामुळे श्राद्धाच्या तारखा पाडव्याला नव्या पंचांगातून काढून फाइलीत हाताने उतरवणं, हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग.