शाकुहाचीचे उंच सूर: कान कुठे संपतं, दाइकान कुठे सुरू होतं

शाकुहाची म्हणजे जपानची बांबूची बासरी. तिची तीन सप्तकं: खालचं ओत्सु, मधलं कान आणि सगळ्यांत वरचं दाइकान. घोळ होतो तो वरच्या दोघांत. दोन्ही नवशिक्याला दमवतात, त्यामुळे कान जमलं की आणखी जोर लावायचा आणि दाइकान गाठायचं, असं वाटत राहतं.

नेहमीची शाकुहाची लांबीला जपानी मापात एक शाकु आठ सून, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर. पाचही भोकं झाकली की पेटीवरच्या पांढरी दोनचा सा बोलतो, साधारण २९४ हर्ट्झ. खालून एकेक भोक उघडत गेलं की कोमल ग, म, प, कोमल नी. धानी रागाचे सूर आयतेच मिळतात. बोटं जवळपास तीच ठेवून फुंक बदलली की हेच सूर सप्तकभर वर जातात. ते कान. आपल्या बासरीवाल्यांना यात नवल नाही, सगळी भोकं झाकून मंद्र पंचमावरून मध्य पंचमावर ते असेच जातात. मात्र फुंक बदलायची म्हणजे हवा वाढवायची नव्हे. ओठांमधली फट बारीक करायची, म्हणजे हवेची धार वेगाने फुंकायच्या काठावर पोहोचते. छाती फुगवून मिळवलेलं कान कर्कश असतं, आणि फार वेळ टिकतही नाही.

आता सगळी भोकं झाकलेलीच ठेवून आणखी वर ढकलून पाहा. सा येत नाही, तार पंचम येतो! नळीचा तिसरा स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा सूर, तोच, सुमारे ८८१ हर्ट्झचा. वरचा सा चौथा, ११७५च्या आसपास, आणि दाइकानचा मुलूख साधारण तिथून पुढे. तिथे कानची बोटं पुरत नाहीत. वरचं एखादं भोक उघडं, खालची झाकलेली, अशा तिरपागड्या जुळण्या कराव्या लागतात. एकाच सुरासाठी दोन-तीन जुळण्या सांगितल्या जातात, कारण एका शाकुहाचीवर बोलणारी दुसरीवर मुकी राहू शकते. सूर जितका उंच तितकी लहर आखूड, आणि तितकाच पोकळीतला बारीकसा उंचवटाही आडवा येतो. आतून लेप देऊन मापात आणलेल्या जिनुरीवर म्हणून दाइकान त्यामानाने सरळ वाजतं. बांबूची मूळ पोकळी राखणारी जिनाशी तिथे अडून बसते. तिला दोष देऊ नये. जपानमधल्या फुके या झेन पंथाच्या भिक्षूंचं एकल वादन मुख्यतः खालच्या दोन सप्तकांतच रमणारं आहे.

दाइकान येत नसेल तर आधी कान अगदी हळू आवाजात वाजवून बघावं. आवाज हळू करताच सूर खाली घसरला, तर काम ओठांचं बाकी आहे. तो टिकला आणि वरचा सूर तरीही आला नाही, तर बोटांची दुसरी जुळणी लावा. तीही मुकी राहिली, तर दुसऱ्या कुणाची शाकुहाची पाच मिनिटं मागून बघा.