प्रेकारिओ (असेंब्लाज कला)

प्रेकारिओ म्हणजे चिलीच्या कवयित्री सेसिलिया विकुन्या (जन्म १९४८, सान्तियागो) टाकाऊ वस्तूंमधून ज्या छोट्या रचना करतात त्या. काडी, पीस, शिंपल्याचा तुकडा, दोरा, प्लास्टिक, जे सापडेल ते एकमेकांना टेकवायचं नाहीतर बांधायचं, आणि बऱ्याच रचना इतक्या नाजूक की बघतानाच वाटतं आता पडेल. बाई स्वतः याला चिमुकला कचरा असंही म्हणतात.

सुरुवात १९६६ ची, चिलीतल्या कोनकोन गावाच्या समुद्रकिनाऱ्यावर, जिथे शेजारीच तेलाची रिफायनरी आहे. वाळूत काड्या आणि किनाऱ्यावर पडलेलं काहीबाही रोवून ठेवलं, भरती आली आणि सगळं घेऊन गेली, आणि ते जाणं हाही त्या कामाचाच भाग होता. कविता तेव्हाही चालूच होती, त्यामुळे "आधी कवयित्री, मग कलाकार" असं जे सर्रास लिहितात ते तितकंसं बरोबर नाही, दोन्ही पहिल्यापासून सोबतच आहे.

१९७२ मध्ये त्या स्लेड स्कूल या कलाशाळेत शिकायला लंडनला गेल्या आणि पुढच्याच वर्षी ११ सप्टेंबरला चिलीत लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचं सरकार पाडलं, मग परत जायचा प्रश्नच उरला नाही. या काळात त्यांनी चिलीतल्या प्रतिकारासाठी वस्तूंची एक डायरीच सुरू केली, रोजनिशीत ओळी लिहाव्यात तशा छोट्या छोट्या वस्तू बनवायच्या. माझ्या मते प्रेकारिओला खरी धार इथे आली, कारण मोडकं, तात्पुरतं, कसंबसं उभं असलेलं हे सगळं आता निर्वासिताच्या आयुष्याबद्दलही बोलायला लागलं.

नंतर काही वर्षं कोलंबियाची राजधानी बोगोटा. तिथे भेसळीच्या दुधाने मुलं दगावली तेव्हा १९७९ मध्ये त्यांनी रस्त्यावर दुधाचा ग्लास ठेवला, त्याला लाल दोरा बांधला आणि ओढून सांडला, बस, एवढंच काम! १९८० पासून मुक्काम न्यूयॉर्कला.

गंमत म्हणजे मोडण्यासाठीच बनवलेल्या या वस्तू आता म्युझियममध्ये जपून ठेवल्या जातात. आकारही वाढला. २०२२ मध्ये, म्हणजे व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनाने जीवनगौरवाचा गोल्डन लायन पुरस्कार दिला त्याच वर्षी, लंडनच्या टेट मॉडर्न म्युझियमच्या टर्बाइन हॉलमध्ये त्यांनी २७ मीटर उंचीची दोन शिल्पं टांगली, इंका लोकांच्या गाठी मारलेल्या दोरांची, म्हणजे किपूची, आठवण करून देणारी. साहित्य मात्र तेच जुनं, लोकर, दोरखंड, पुठ्ठा, शिवाय टेम्सच्या काठावर सापडलेल्या वस्तू, ज्या लंडनमधल्या लॅटिन अमेरिकन बायकांनी चिखलातून वेचून आणल्या होत्या.