सुजलेला कॉर्निया आणि दाबाचा फसवा आकडा

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याचा दाब चढलाच, तर बहुधा पहिल्या चार ते सहा तासांत सर्वांत जास्त असतो. शस्त्रक्रियेत आत भरलेलं चिकट जेल पूर्ण निघालं नाही, तर पाणी निचरणाऱ्या जाळीत ते अडकतं. नेमका त्याच वेळी कॉर्नियाही, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदाही, सुजलेला असतो. खरी पंचाईत इथेच आहे.

डोळ्याचा दाब मोजणारं यंत्र, गोल्डमन टोनोमीटर, कॉर्नियाचा 3.06 मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट करायला किती जोर लागतो ते पाहतो. एक ग्रॅम जोर म्हणजे 10 मिमी पारा इतका दाब. हे गणित साधारण 520 मायक्रॉन जाडीच्या, निरोगी कॉर्नियावर बसवलेलं आहे. एरवी जाड कॉर्निया आकडा फुगवतो. पण पाणी धरून जाड झालेला कॉर्निया मऊ पडतो, लगेच दबतो आणि आकडा कमी दाखवतो. म्हणून चांगलीच सूज असताना जाडी मोजून तक्त्यावरून दुरुस्ती करायला जाऊ नये. चूक उलट वाढते. यंत्रात 18 दिसतात, आत 28 असू शकतात. डोळा दुखतोय, मळमळतंय, दिव्याभोवती वलयं दिसतायत, तर 18वर विसंबू नये. लहान टोकाचं टोनोपेन (पेनासारखं हातात धरायचं दाबमापक) कॉर्नियाच्या त्यातल्या त्यात स्वच्छ भागावर टेकवून पडताळावं.

हात बसलेला असला तरी मोजताना घाई नडते. भूल देणारा थेंब टाकून फ्लुओरेसिनची (निळ्या प्रकाशात चमकणाऱ्या रंगाची) पट्टी हलकेच टेकवायची, निळा प्रकाश लावायचा, टोनोमीटरचा जोर ठरवणारा नॉब 1वर, म्हणजे एक ग्रॅमवर, ठेवून सुरुवात करायची. दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या की वाचन घ्यायचं. कडा नाडीबरोबर हलतात, तेव्हा हेलकाव्याचा मध्य धरायचा. डोळ्यात पाणी जास्त असेल तर अर्धवर्तुळांचे पट्टे जाड दिसतात आणि दाब उगाच जास्त भरतो. टिपून पुन्हा मोजावं. पट्टे अगदी बारीक असतील तर उलट. पापणी धरणारं बोट हाडाच्या कडेवर हवं, बुबुळावर नाही: ताज्या जखमेवर तर मुळीच नको. रुग्णाने श्वास रोखला किंवा गळ्याशी कॉलर आवळलेली असली तरी आकडा चढतो.

टाका घट्ट बसून तिरपा नंबर (कॉर्नियाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने येणारा) वाढला की अर्धवर्तुळं लांबट होतात. नंबर 3 डायॉप्टरच्या वर असेल तर प्रिझम (टोनोमीटरचं डोळ्याला टेकणारं टोक) एकदा आडवा, एकदा उभा ठेवून दोन वाचनांची सरासरी घेणं सोपं पडतं. दाब अगदीच कमी, 5-6 आला तर खूश होऊ नये. आधी फ्लुओरेसिन लावून जखमेतून पाणी झिरपतंय का ते पाहावं. झिरपत असेल तर रंगाच्या थरातून ओघळ उतरताना दिसतो.

पुढे स्टिरॉइडच्या थेंबांचा काळ. काही जणांचा दाब या थेंबांनी दोन ते सहा आठवड्यांत, काहीही न दुखता चढतो. तोवर सूज उतरलेली असते, त्यामुळे यंत्रावर पुन्हा भरवसा ठेवता येतो. फक्त आधीचं आणि नंतरचं वाचन एकाच यंत्रावर, दिवसाच्या एकाच वेळी घ्यावं.