मेंदूतील डोपामीन मार्ग

डोपामीन हे चेतापेशींमध्ये संदेश पोहोचविणारे रसायन असून ते टायरोसीन या ॲमिनो आम्लापासून, लेव्होडोपाच्या टप्प्यातून तयार होते. ते स्रवणाऱ्या पेशी मानवी मेंदूत फार थोड्या असतात. त्यांतील बहुसंख्य पेशी मध्यमेंदूत असून त्यांचे लांब तंतू मेंदूच्या ठरावीक भागांत जाऊन पसरतात. या तंतुसमूहांना डोपामीन मार्ग म्हणतात. रसायन एकच असले, तरी तंतू कोठे पोहोचतो आणि तेथे कोणते ग्राही (रसायनाचा संदेश स्वीकारणारी पेशीवरील प्रथिने) आहेत यावर त्याचे कार्य ठरते. त्यामुळे त्याला सरसकट ‘आनंदाचे रसायन’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे.

यांपैकी सर्वांत मोठा मार्ग सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातून मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागाकडे जातो. इष्ट हालचाल सुरू होणे, अनिष्ट हालचाल दबून राहणे आणि सवयी अंगवळणी पडणे ही कार्ये त्याच्याशी निगडित आहेत. मेंदूतील डोपामिनाचा साठा घटविणाऱ्या रिसर्पीन या औषधामुळे निश्चल झालेले प्राणी लेव्होडोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, हे स्वीडिश शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखविले. २००० च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. या मार्गातील पेशी नष्ट होत गेल्यास पार्किन्सन रोगातील कंप, ताठरपणा व मंदगती दिसू लागते. डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, मात्र लेव्होडोपा शिरू शकते. या रोगावरील उपचाराचा आधार हाच आहे.

मध्यमेंदूच्या व्हेंट्रल टेगमेंटल क्षेत्रातून न्यूक्लियस ॲक्युम्बेन्स या पेशीसमूहाकडे जाणारा मार्ग प्रेरणा व बक्षिसाशी जोडला जातो. चेताशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत असे दिसले, की अनपेक्षित बक्षीस मिळताच या पेशी जोमाने उद्दीपित होतात. बक्षिसाची पूर्वसूचना ओळखीची झाली की त्या सूचनेलाच प्रतिसाद देतात. आणि अपेक्षित बक्षीस चुकले तर त्यांची क्रिया मंदावते. म्हणजे येथे डोपामीन प्रामुख्याने अपेक्षा व प्रत्यक्ष यांतील तफावत नोंदवते आणि त्यातून शिकणे घडते. कोकेन याच मार्गातील डोपामिनाचे पुनर्शोषण (स्रवलेले डोपामीन पेशीत परत घेतले जाणे) रोखते.

त्याच क्षेत्रातील काही तंतू कपाळामागील अग्रललाट बाह्यकाकडे जातात व कार्यकारी स्मृती (माहिती तात्पुरती मनात धरून ठेवणे) आणि नियोजनास साहाय्य करतात. तेथे डोपामीन कमी झाले तरी आणि फाजील वाढले तरी कार्य बिघडते. चौथा, आखूड मार्ग मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये असून तो पीयूषिका ग्रंथीतील, दूधनिर्मितीस चालना देणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा स्राव रोखून धरतो. मनोविकारांवरील अनेक औषधे डोपामिनाचे डी-२ नावाचे ग्राही अडवितात. ती एकाच मार्गापुरती मर्यादित राहत नसल्याने काही रुग्णांत भ्रम ओसरतानाच शरीर ताठर होते किंवा स्तनांतून दूध स्रवू लागते.