तपकिरी पाणी आणि रक्तातलं शिसं

पायांच्या तळव्यांतून शरीरातले ‘विषारी धातू’ खेचून घेणाऱ्या यंत्राचा व्हिडिओ तुमच्यापर्यंतही पोचला असेल. मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचे, वीज सुरू करायची. थोड्या वेळात पाणी तपकिरी. तो रंग यंत्रातल्या लोखंडी इलेक्ट्रोडच्या, म्हणजे वीज पाण्यात सोडणाऱ्या पट्ट्यांच्या, गंजाचा असतो. पाय काढून घेतले तरी पाणी तपकिरी होतंच. हे उपचार म्हणून विकणं ही सरळसरळ फसवणूक आहे.

चीड येते ती आणखी एका कारणाने. धातूच्या अणूंनी इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरायचं, या त्याच क्रियेवर रक्तातलं शिसं मोजण्याची एक देखणी पद्धत उभी आहे: अ‍ॅनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टामेट्री.

मोजायचं किती, ते बघा. लहान मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी अमेरिकेत २०२१पासून दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी धरतात. म्हणजे ५० मायक्रोलिटरच्या थेंबात जेमतेम पावणेदोन नॅनोग्रॅम शिसं, आणि तेही जवळजवळ सगळं तांबड्या पेशींत दडलेलं. म्हणून आधी आम्ल घालून पेशी फोडतात आणि शिसं मोकळं करतात.

मग इलेक्ट्रोडला ऋण विद्युतदाब देऊन मिनिट-दोन मिनिटं नुसतं थांबायचं. शिशाचा प्रत्येक आयन (इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) दोन इलेक्ट्रॉन घेतो, धातू होतो आणि पृष्ठभागावर चिकटतो. द्रवात विखुरलेलं शिसं असं एका जागी गोळा होतं. सगळी जादू या थांबण्यात आहे. आता दाब हळूहळू धन बाजूला सरकवायचा. प्रत्येक धातू आपापल्या ठरल्या दाबाला इलेक्ट्रॉन परत करून द्रवात उतरतो: तुलनेसाठी ठेवलेल्या चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडच्या संदर्भाने जस्त साधारण उणे १ व्होल्टला, कॅडमिअम उणे ०.६च्या आसपास, शिसं उणे ०.४ला, तांबं शून्याजवळ. आलेखावर एकेक शिखर उमटतं. शिखर कुठे आलं यावरून धातू ओळखायचा, त्याखालच्या क्षेत्रफळावरून प्रमाण काढायचं. गोळा करताना दाब उणे ०.८च्या पलीकडे नेला नाही, तर रक्तात कितीतरी जास्त असलेलं जस्त इलेक्ट्रोडवर बसतच नाही. तांबं आणि जस्त दोन्ही मोजायचे असतील तर मात्र ते इलेक्ट्रोडवर एकमेकांशी संयुग करतात, जस्ताचं शिखर खुजं होतं आणि दुरुस्ती करावी लागते.

आपल्या थेंबात शिशाचे सुमारे पाच लाख कोटी अणू असतात. सगळे चिकटून परतले तरी विद्युतभार भरतो १.६ मायक्रोकूलोम. प्रत्यक्षात थोडेच चिकटतात. म्हणून माहीत असलेल्या प्रमाणाचं द्रावण त्याच पद्धतीने मोजून तुलना करतात.

याचं मूळ प्रागमध्ये आहे. यारोस्लाव हेरोव्स्की यांनी १९२२मध्ये पाऱ्याच्या गळत्या थेंबाचाच इलेक्ट्रोड करून पोलरोग्राफी, म्हणजे दाब बदलत नेऊन प्रवाह मोजण्याची पद्धत, शोधली. १९५९मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पारा विषारी, त्यामुळे आता सोनं किंवा बिस्मथचा पातळ थर वापरतात.

बोटाला सुई टोचण्याआधी मात्र हात साबणाने स्वच्छ धुवायला हवेत. कातडीवरची शिशाची धूळ थेंबात मिसळली, तर इलेक्ट्रोड तीही इमानाने मोजतो. म्हणूनच आकडा जास्त आला की शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत पुन्हा तपासतात.