पहिल्यांदा भिडलं नाही, म्हणजे संगीत वाईट?

"खरं संगीत पहिल्याच ऐकण्यात भिडतं, आधुनिक पाश्चात्त्य शास्त्रीय रचना म्हणजे नुसता गोंगाट," हा समज जुना आहे. तो होतो कसा? ऐकताना कान पुढचा सूर ताडत असतो. आमच्या वर्धेकडच्या गावात खंजिरी भजनाचा ठेका लहानपणापासून कानात बसलेला, म्हणून तो लगेच आपला वाटतो. अनोळखी रचनेत ताडायला खुणाच नसतात. ओळखीने आवड वाढते, हे १९६८ पासूनच्या मानसशास्त्रीय प्रयोगांत दिसलंय. (अतिपरिचयाने कंटाळाही येतो, तेही खरं.)

पडताळा घ्या: अशा एखाद्या दुर्लक्षित आधुनिक पाश्चात्त्य संगीतकाराची पाच मिनिटांची एकच रचना आठवडाभर, वावरातून आल्यावर ओसरीवर बसून ऐका. दर वेळी त्यातल्या एकाच वाद्याकडे कान द्या. सातव्या दिवशी पुढचा सूर आधीच मनात वाजतो का, बघा. नाहीच आवडली, तर त्याचीच दुसरी घ्या.