केमोथेरपीतील शिरेवाटे पोषण

केमोथेरपी चालू असताना रुग्णाच्या पोटात अन्न जात नसेल किंवा गेलेले अंगी लागत नसेल, तर अन्नघटक थेट रक्तात सोडण्याच्या उपचाराला शिरेवाटे पोषण म्हणतात. सगळी गरज याच मार्गाने भागवली, की ते ‘टीपीएन’ (टोटल पॅरेंटरल न्यूट्रिशन, म्हणजे संपूर्ण शिरेवाटे पोषण).

साध्या सलाईनशी त्याची फार गल्लत होते. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या लिटरभर बाटलीत 50 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम 200 किलोकॅलरी असतात; प्रथिने मुळीच नाहीत. अशा बाटल्यांवर दिवस काढणारा रुग्ण उपाशीच असतो. पोषणाच्या पिशवीत ग्लुकोज, अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक), स्निग्धांश, क्षार, जीवनसत्त्वे आणि सूक्ष्म खनिजे असतात. दर किलो वजनामागे रोज 25 ते 30 किलोकॅलरी आणि 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिने, असा साधारण हिशेब धरतात. एवढे तीव्र द्रावण हाताच्या बारीक शिरेला सोसत नाही; ते पोर्ट (छातीच्या त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) किंवा पिक लाइनमधून (दंडातून आत सरकवलेली लांब बारीक नळी) हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडतात.

1960 च्या दशकात अमेरिकेत शल्यचिकित्सक स्टॅन्ली डड्रिक यांनी केवळ शिरेवाटे पोसून कुत्र्याची पिल्ले वाढवून दाखवली आणि ही पद्धत रुजली. कर्करोगात पुढे ती सढळ हाताने वापरली गेली. मात्र 1989 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने चाचण्यांचा आढावा घेऊन केमोथेरपीत ती सरसकट देऊ नये, असे सांगितले. फायदा दिसत नव्हता, जंतुसंसर्ग मात्र वाढत होता. पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला नळीतून होणारा संसर्ग जिवावर बेतू शकतो.

म्हणून आतडे चालत असेल, तर आधी तोंडाने आणि ते न जमल्यास नाकातून किंवा पोटातून घातलेल्या नळीने अन्न देणेच योग्य. आतडे तुंबणे, तोंडापासून आतड्यापर्यंत चिघळलेले व्रण, न थांबणारी उलटी किंवा जुलाब अशा वेळी मात्र शिरेवाटे पोषणाला पर्याय उरत नाही; तेव्हा ते लांबवणे चूक. ‘गाठीलाच खाऊ घातल्यासारखे होईल’ ही भीती अनेक घरांत असते. रुग्णांवरील अभ्यासांतून तिला आधार मिळालेला नाही. उलट बाजूही आहे: कर्करोगाच्या दाहामुळे झडणारे स्नायू नुसत्या कॅलरींनी भरून येत नाहीत.

फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पूर्ण मात्रा दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरून हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे थायमिन (जीवनसत्त्व ब1) आधी देतात, मात्रा हळूहळू चढवतात आणि पहिले काही दिवस रोज रक्त तपासतात.